कार्बोरेटरची घरच्या घरी दुरुस्ती

तंजावर जिल्ह्यातील भातशेतीचे वेळापत्रक मेट्टूर धरणाशी बांधलेले आहे. १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणातून प्रथेप्रमाणे १२ जूनला पाणी सोडले जाते आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै हंगामाची लगबग सुरू होते. पुढे भातावर तपकिरी तुडतुडे वाढू लागले, तर फवारणीला फार दिवस थांबता येत नाही. नेमका याच वेळी, अनेक महिने कोपऱ्यात पडून असलेला पेट्रोलवरील पाठपंप सुरू होत नाही.

दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये असतो. त्यातील हवेच्या मार्गाचा मधला भाग अरुंद असतो. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतील इंधन जेटच्या बारीक छिद्रातून वर ओढले जाते. पंप पडून राहिला की वाटीतील पेट्रोल उडून जाते व मागे राळेसारखा चिकट थर उरतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल ओलावा शोषून घेते. त्यामुळे दमट हवेत जुने इंधन टाकीत ठेवणे अधिकच त्रासाचे ठरते.

चोक लावल्यावर इंजिन चालते आणि चोक काढताच बंद पडते, तेव्हा जेट तुंबल्याची शंका घ्यावी. वाटीतून इंधन ओसंडत असेल, तर फ्लोटची सुई नीट बसत नाही असे समजावे. कार्बोरेटरच बदलावा हा सल्ला अशा वेळी बऱ्याचदा घाईचा असतो.

काम उघड्यावर, चुलीपासून दूर करावे. पंपावरील कीटकनाशक आधी धुऊन काढावे व हातमोजे घालावेत. इंधनाचा कॉक बंद करून वाटी उतरवावी; फ्लोट, सुई व जेट काढून क्रमाने ठेवावेत. रबरी भाग बाजूला काढल्यावरच क्लीनर वापरावा, कारण त्याने रबर फुगते. छिद्रात तार मात्र घालू नये. जेट मऊ पितळेचा असतो. छिद्र किंचित रुंदावले तरी इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते. हवेचा झोत मारून, छिद्रातून पलीकडचा उजेड स्वच्छ दिसतो का, हे पाहावे. गॅस्केट फाटले असल्यास नवे घालावे.

गवत कापण्याच्या यंत्रांत बहुधा पडद्याचा कार्बोरेटर असतो. त्यात वाटी व फ्लोट नसतात. ताठरलेला पडदा धुऊन सुधारत नाही, तो बदलावा लागतो.

हंगाम संपताना टाकी रिकामी करावी आणि उरलेले इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे.