सही आणि साक्ष

गॉर्डी हाऊची सही वाचता येते. आजच्या खेळाडूंच्या सह्या पाहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. हल्ली सही म्हणजे एक वेलांटी, दोन फराटे आणि शेजारी जर्सीचा नंबर. तो नंबर झाकला तर सही कुणाची, हे खुद्द सही करणाऱ्यालाही ओळखता येईल की नाही, शंकाच आहे. हाऊने मात्र आयुष्यभर आपलं नाव अक्षर न् अक्षर लागेल असं लिहिलं. फोटोंवर, स्टिकांवर, पोरांच्या वह्यांत, हॉटेलातल्या कागदी रुमालांवरसुद्धा. त्याच्या या सुवाच्य अक्षरामुळे संग्राहकांची सोय झाली, तशी नक्कल करणाऱ्यांचीही झाली.

ही हॉकी बर्फावरची. चेंडूच्या जागी कडक रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. कॅनडात या खेळाचं स्थान आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे आणि तिथे ‘मिस्टर हॉकी’ म्हटलं की एकच माणूस. हाऊचा जन्म ३१ मार्च १९२८चा, सस्कॅचवन प्रांतातल्या फ्लोरल या खेड्यातला. डेट्रॉइट रेड विंग्जकडून तो १९४६ ते १९७१ असे सलग पंचवीस हंगाम खेळला आणि १९५०, ५२, ५४ व ५५ असे चार स्टॅनले कप जिंकला. १९५०मध्ये बाद फेरीच्या एका सामन्यात त्याची कवटी फुटली. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी डॉक्टरांना कवटीला भोक पाडावं लागलं. पुढच्याच हंगामात हा गडी सर्वाधिक गुण मिळवून मोकळा! निवृत्तीनंतर तो परत आला तो मार्क आणि मार्टी या आपल्या दोन मुलांसोबत ह्यूस्टनच्या संघातून खेळायला. १९८०मध्ये बावन्नाव्या वर्षी तो एनएचएल या मुख्य लीगमधून कायमचा बाहेर पडला, तेव्हा त्याच्या नावावर १७६७ सामने आणि ८०१ गोल होते. १९९७मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, एका दुय्यम लीगच्या सामन्यात तो काही सेकंदांपुरता पुन्हा बर्फावर उतरला. सहा वेगवेगळ्या दशकांत खेळल्याची नोंद व्हावी, एवढाच हेतू. मला तो प्रकार जाहिरातबाजीचा वाटतो, पण प्रेक्षक खूश होते, त्याला काय करणार!

त्याच्या सहीला पहिली किंमत आली तो किस्सा त्याने स्वतः अनेकदा सांगितलेला आहे. डेट्रॉइटशी पहिला करार करताना या लाजाळू पोराने पैशांबरोबर आणखी एकच गोष्ट मागितली: संघाचं जॅकेट. सही झाली, ओमाहाच्या कनिष्ठ संघातून एक हंगाम खेळूनही झाला, पण जॅकेटचा पत्ता नाही. पुढच्या करारासाठी व्यवस्थापक जॅक ॲडम्स यांनी कागद पुढे सरकवला, तेव्हा हाऊने पेन उचललं नाही. तुम्ही शब्द पाळला नाहीत, म्हणाला. जॅकेट आलं, मगच सही झाली. पण पैशाच्या बाबतीत त्याचा हा बाणा टिकला नाही. आपण संघातले सर्वात महागडे खेळाडू आहोत, या समजात तो कित्येक वर्षं खेळत राहिला. १९६८मध्ये बॉबी बॉन या सहकाऱ्याने त्याला स्वतःच्या पगाराचा आकडा सांगितला, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. त्यानंतर घरचा कारभार त्याची बायको कॉलीन हिने हातात घेतला. ‘मिस्टर हॉकी’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवणारी तीच. नवऱ्याची सही हीसुद्धा मिळकत आहे, हे तिला कळलं होतं.

१० जून २०१६ रोजी हाऊ गेला. मोठा खेळाडू गेला की त्याच दिवशी बाजार हलतो. कपाटातले फोटो बाहेर येतात, विक्रेते भाव चढवतात. हाऊच्या बाबतीत मात्र साध्या सहीचा भाव फार वर गेलाच नाही. सही केलेला फोटो किंवा पक आजही शे-दीडशे डॉलरच्या आसपास मिळतो, कारण माणूस अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला आणि सही मागणाऱ्याला त्याने नाही म्हटलं नाही. त्याचाच सहकारी, गोलरक्षक टेरी सॉचक १९७०मध्ये चाळिशीत वारला. टिम हॉर्टन १९७४मध्ये मोटार अपघातात गेला. आज कॅनडाच्या गल्लोगल्ली कॉफीच्या दुकानांवर नाव दिसतं तोच हा. या दोघांच्या सह्यांना हाऊच्या कितीतरी पट पैसे पडतात. माँट्रियलचा गोलरक्षक जॉर्ज व्हेझिना १९२६मध्ये क्षयाने गेला. त्याची खरी सही हाताला लागणं म्हणजे लॉटरीच. सहीच्या बाजारात खेळाडूची थोरवी आणि सहीचा भाव यांचा फारसा संबंध नसतो, तो असा.

मग शे-दीडशे डॉलरच्या सहीची नक्कल करायला कोण बसतं? नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयला याचं उत्तर मिळालं. ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने त्यांनी सॅन डिएगोत सापळा लावला. जपानला माल पाठवणारी पेढी असल्याचं सोंग घेऊन हेर ठोकमालाची मागणी करू लागले. टोळीने सह्या पुरवल्या आणि सोबत खोटी प्रमाणपत्रंही. १९९९मध्ये धाडी पडल्या, पुढे साठाहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. पकडलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल होते! कोलकात्यात आयुष्य काढलेल्या मदर बेसबॉलवर कशाला सही करतील, हा प्रश्न कुणा गिऱ्हाइकाला पडला नसावा. सॅन डिएगोचाच बेसबॉलपटू टोनी ग्विन याला तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या मांडलेल्या दिसल्या होत्या. एकेका चेंडूवर सुटणारा नफा थोडका, पण हात सरावला की दिवसाला शेकड्यांनी माल निघतो. सगळा धंदा त्या शेकड्यांवर चालतो.

भिंगाखाली खऱ्या-खोट्यातला फरक बऱ्याचदा दिसतो. खरी सही वेगात झालेली असते. पेन कागदावर टेकण्याआधीच हात चालू लागलेला असतो, म्हणून रेघेचं सुरुवातीचं टोक निमुळतं येतं, उचलतानाही तसंच. नक्कल करणारा रेघ ओढत नाही, काढतो. मधेच थबकतो, मूळ नमुन्याकडे नजर टाकतो, आणि थबकल्या जागी शाईचा बारीक ठिपका साचतो. दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. वळणांवर सूक्ष्म थरथर. हाऊच्या बाबतीत इथेच पंचाईत होते. उतारवयातली त्याची खरी सहीसुद्धा थोडी कापरी असणार, त्यामुळे म्हातारपणाची थरथर कुठली आणि लबाडीची कुठली, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. त्या-त्या वर्षांच्या खात्रीच्या सह्या शेजारी ठेवाव्या लागतात. ऑक्टोबर २०१४मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतरची तारीख घातलेली ठसठशीत सही समोर आली, तर मी तरी पाकीट खिशातच ठेवीन.

पकवरची सही ओळखणं आणखी अवघड. काळ्या रबरावर शाई दिसत नाही, म्हणून चंदेरी रंगाचं पेन वापरतात. रंग घट्ट आणि पृष्ठभाग घसरडा, त्यामुळे खरी सहीही अडखळल्यासारखी उमटते आणि नकलेचं फावतं.

हाताच्या मानाने शाई बरी साक्ष देते. शार्पी हे मार्कर पेन बाजारात आलं १९६४मध्ये. हाऊच्या १९५०च्या फोटोवर शार्पीची सही असली तर ती खोटी ठरत नाही, त्याने तीस वर्षांनी केली असेल. पण ‘त्याच वर्षी सामन्यानंतर घेतलेली’ असं विक्रेता सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय. बॉलपेन अमेरिकेत दुकानातून मिळू लागलं ते १९४५च्या अखेरीस. माँट्रियलचा लाडका हॉवी मॉरेन्झ वारला मार्च १९३७मध्ये. मॉरेन्झची बॉलपेनातली सही कुणी दाखवली, तर भिंग काढायचीही गरज नाही. कागदाचंही तेच: दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर उजळतो. तीसच्या दशकातला म्हणून दाखवलेला कागद असा उजळला, की तिथेच निकाल लागतो.

अस्सल असूनही निरुपयोगी अशा ‘सह्या’ वेगळ्याच. ईटन्स या कॅनडातल्या दुकानसाखळीसाठी हाऊने कित्येक वर्षं जाहिराती केल्या. त्या काळी खेळाडूच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सामानावर त्याची सही छापलेली असे. ती हाऊचीच, पण छाप्याची. अशी स्टिक ‘हाऊच्या सहीची’ म्हणून विकणारा शब्दशः खरं बोलत असतो, आणि तरीही फसवत असतो.

बुलपेनच्या धक्क्यानंतर प्रमाणपत्रांना महत्त्व आलं. पीएसए-डीएनए, जेम्स स्पेन्स, बेकेट ही या धंद्यातली मोठी नावं. ते सही तपासतात, नंबर आणि होलोग्रामचा स्टिकर लावतात आणि पत्र देतात. ते पत्र नीट वाचलं तर त्यात ‘आमच्या मते’ असे शब्द सापडतात. तज्ज्ञाचं मत म्हणजे साक्ष नव्हे. तो तिथे हजर नव्हता. १९९२मध्ये सुरू झालेल्या अपर डेक ऑथेंटिकेटेडने वेगळी वाट धरली. खेळाडू सही करत असताना कंपनीचा माणूस समोर बसतो, तिथल्या तिथे होलोग्राम चिकटवला जातो, क्रमांक वहीत चढतो. म्हणजे ‘ही सही त्याची दिसते’ असं म्हणण्याऐवजी ‘ही सही आम्ही होताना पाहिली’. दोन्ही कागदांना बाजारात एकच नाव, ‘सर्टिफिकेट’. पण पहिलं म्हणजे वैद्याने नाडी पाहून दिलेलं निदान आणि दुसरं म्हणजे जन्माचा दाखला. हाऊ गेल्यावर दुसऱ्या प्रकारचा दाखला नव्याने मिळणं बंद झालं. आता जे काही येणार ते मतच.

म्हणून मुरलेले संग्राहक सहीइतकंच तिच्या मागचं कागदपत्र पाहतात. वटून परत आलेला बँकेचा चेक त्यांना आवडतो. त्यावर तारीख असते, रक्कम असते, बँकेचा शिक्का असतो. त्या सहीवर बँकेने खरे पैसे मोजलेले असतात. दिसायला रुक्ष, दिवाणखान्यात टांगायला बिनकामाचा, पण साक्षीदार म्हणून फोटोपेक्षा कितीतरी भरवशाचा.

जर्सीचं शास्त्र याहून पुढे गेलेलं आहे. २८ सप्टेंबर १९७२ला मॉस्कोत सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेच्या आठव्या सामन्यात, चौतीस सेकंद उरलेले असताना कॅनडाच्या पॉल हेंडरसनने विजयी गोल केला. त्या दिवशीची त्याची जर्सी २०१०मध्ये लिलावात दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. हेंडरसनने ती संघाच्या ट्रेनरला दिली होती, आणि तिथून पुढचा प्रवास सांगता येत होता. अशा जर्सीबाबत फक्त बोलण्यावर भागत नाही. सामन्याचे जुने फोटो मोठे करून शिवण, रफू, नंबराच्या कडेचा वाकडा टाका, स्टिकच्या फटक्याने पडलेलं भोक, हे सगळं एकेक करून जुळवतात. कारखान्यात एकसारख्या शिवलेल्या शंभर जर्सींतली एक घाम आणि मार खाऊन वेगळी होते, तेव्हा ती ओळखू येते. याच बाजारात २००३मध्ये डॉनरस कंपनीने बेब रूथ या बेसबॉलपटूची खरीखुरी जर्सी विकत घेतली आणि कापून तिचे चौकोनी तुकडे कार्डांत बसवले. एकेका तुकड्याला प्रमाणपत्र आहे, जर्सी नाही.

आपल्याकडच्या हॉकीकडे वळलं की चित्र उलटं दिसतं. खोट्या सह्यांचा बाजार मांडावा एवढी मागणीच नाही. १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या संघात किशनलाल कर्णधार होते. सोबत लिओ पिंटो, मॅक्सी वाझ, वॉल्टर डिसूझा ही मंडळी होती. या सगळ्यांच्या सह्यांचा एखादा कागद मुंबईतल्या एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी असला, तर तो खरा असण्याचीच शक्यता जास्त. कुणी नक्कल करायची तसदीच घेतली नसणार.

त्या संघातले बलबीरसिंग (सीनियर) यांचं उदाहरण मात्र ऐकवत नाही. लंडन, हेलसिंकी, मेलबर्न अशी तीन सुवर्णपदकं. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध भारताने केलेल्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे. तो विक्रम अजून मोडलेला नाही. मेलबर्नला ते कर्णधार होते. १९८५मध्ये त्यांनी छत्तीस पदकं, शंभरच्या आसपास दुर्मीळ फोटो आणि मेलबर्नचा कर्णधाराचा ब्लेझर भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या स्वाधीन केला. क्रीडा संग्रहालय होणार होतं. २०१२मध्ये लंडन ऑलिंपिकच्या वेळी जगातल्या निवडक सोळा ऑलिंपिकवीरांत त्यांची निवड झाली, तिथल्या प्रदर्शनासाठी वस्तूंची विचारणा झाली आणि उघड झालं की वस्तू सापडत नाहीत. कुटुंबाने पत्रं लिहिली, माहितीच्या अधिकारात अर्ज केले, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या. २५ मे २०२० रोजी मोहालीत बलबीरसिंग वारले, तोवर ब्लेझर परत आला नव्हता. पदकंही नाहीत.

त्या वस्तूंना कुठल्याही होलोग्रामची गरज नव्हती. ज्याने मिळवल्या त्यानेच हाताने दिल्या, याहून मोठी साक्ष कुठली? साक्ष पहिल्याच मुक्कामावर तुटली.

तो ब्लेझर नष्ट झालेला नसेल, तर कुठेतरी हँगरवर असेल. उद्या तो लंडनच्या किंवा माँट्रियलच्या एखाद्या लिलावगृहात आला, तर तिथली माणसं हेंडरसनच्या जर्सीसाठी करतात तेच करतील. मेलबर्नचे १९५६चे फोटो मागवतील, खिशावरच्या बोधचिन्हाचे टाके मोजतील, बटणांचं अंतर पाहतील, आणि बहुधा छातीठोकपणे सांगतील की हाच तो. खरेपणा सिद्ध झाल्याक्षणी ते विक्रेत्याला दुसरा प्रश्न विचारतील: हा तुमच्याकडे आला कुठून?