छोटा मदरबोर्ड निवडताना परभणीचा उन्हाळा विसरू नका

आपला संगणक आपणच जोडू : भाग ५

मागच्या आठवड्यात आपण प्रोसेसर ठरवला. आता तो ज्यावर बसणार तो मदरबोर्ड निवडायचा आहे. परभणी, मानवत, सेलू, जिंतूर इथल्या सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि घरातल्या अभ्यासाच्या टेबलावर जागा कमी असते. म्हणून दुकानदाराकडे पहिली मागणी होते ती ‘सगळ्यात छोटा बोर्ड द्या’ अशी. छोटा बोर्ड जरूर घ्यावा. मात्र आपल्या हवेत सगळ्यात छोटा बोर्ड बहुतेकांच्या सोयीचा ठरत नाही.

आधी मापे पाहू. इंटेलने १९९५ मध्ये आणलेला एटीएक्स बोर्ड ३०.५ × २४.४ सेंटिमीटरचा असतो. १९९७ मध्ये आलेला मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४.४ सेंटिमीटर चौरस. २००१ मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने मिनी-आयटीएक्स आणला. तो फक्त १७ सेंटिमीटर चौरस, म्हणजे पूर्ण मापाच्या मायक्रो-एटीएक्सच्या निम्म्याहूनही कमी जागेचा. जागा खरी वाचते ती त्याच मापाचे छोटे कॅबिनेट घेतले तर, आणि अडचणीही तिथूनच सुरू होतात.

पहिली अडचण उष्णतेची. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी पंख्याखालची खोलीही ४० च्या आसपास तापते. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, कामाच्या भरात प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा ५५ अंश वर जातो. २५ अंशांच्या खोलीत तो ८० वर थांबेल, ४२ अंशांच्या खोलीत ९७ वर पोहोचेल. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांवर स्वतःचा वेग कमी करतात. छोट्या कॅबिनेटमध्ये कूलर बुटका आणि हवेला वाट अरुंद, म्हणून तिथे ही वेळ लवकर येते.

बोर्डही तापतो. एसएमपीएसकडून आलेली १२ व्होल्टची वीज प्रोसेसरसाठी साधारण एक व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम बोर्डवरचा व्हीआरएम हा भाग करतो. इंटेलच्या आय५-१२४०० वर ६५ वॉट लिहिलेले असते, पण भरात तो ११७ वॉटपर्यंत ओढतो. म्हणून व्हीआरएमवर धातूचे हीटसिंक आहे का, हे पाहूनच बोर्ड घ्या. जुन्या पद्धतीच्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. त्यामुळे सॉलिड कपॅसिटर असलेला बोर्ड आपल्याकडे जास्त टिकतो. त्यात उन्हाळ्यातली धूळ, आणि कापसाच्या बाजारपेठेजवळ तर उडते तंतूही असतात. अरुंद जाळी लवकर बुजते.

दुसरी अडचण दुरुस्तीची. अनेक मिनी-आयटीएक्स कॅबिनेटना एसएफएक्स मापाचा छोटा एसएमपीएस लागतो. तो जळाला तर सहसा बाहेरून मागवावा लागतो. साधा एटीएक्स एसएमपीएस तालुक्याच्या गावीही मिळतो. ज्यांचे रोजचे काम संगणकावर चालते, त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

तिसरी गोष्ट वाढीची. मिनी-आयटीएक्सवर बहुधा रॅमच्या दोन जागा आणि कार्डासाठी एकच स्लॉट असतो. मायक्रो-एटीएक्सवर चार स्लॉटपर्यंत सोय होऊ शकते. मात्र एच६१० सारख्या स्वस्त चिपसेटच्या मायक्रो-एटीएक्सवरही रॅमच्या दोनच जागा असतात, हे आधी तपासा.

खरेदीपूर्वी आणखी तीन प्रश्न विचारा. सॉकेट कोणते? एएमडीचे एएम५ सॉकेट २०२२ पासून चालू आहे आणि कंपनीने ते २०२७ पर्यंत व पुढेही चालवण्याचे सांगितले आहे. बायोस तुमच्या प्रोसेसरला चालेल इतके नवे आहे का? एलजीए१७०० च्या जुन्या साठ्यातल्या बोर्डवर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बायोस नवे केल्याशिवाय सुरू होत नाही. आणि मागे पोर्ट किती? प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, वेबकॅम, कीबोर्ड, माऊस यांनाच सहा यूएसबी लागतात. जुना मॉनिटर असेल तर व्हीजीएही हवे.

वेगळे ग्राफिक्स कार्ड नको, कमी वॉटचा प्रोसेसर आहे आणि खोलीत कूलर किंवा एसी चालतो, अशांनी मिनी-आयटीएक्स खुशाल घ्यावा. बाकी सर्वांसाठी हीटसिंक असलेला मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि पुढून हवा घेणारे मध्यम कॅबिनेट हीच योग्य जोडी. बिल करण्याआधी वॉरंटीचे काम कोणत्या गावी होते, हेही विचारून घ्या.

पुढच्या आठवड्यात एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग.