कुलूप गेलं, लिफाफे आले

ब्रिटनमधल्या खासगी पार्किंगच्या वसुलीचा मागोवा घ्यायचा तर १ ऑक्टोबर २०१२ या तारखेपाशी थांबावंच लागतं. ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ या कायद्यामुळे त्या दिवसापासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाला कायदेशीर अधिकाराशिवाय क्लॅम्प लावणं किंवा ती गाडी उचलून नेणं हा फौजदारी गुन्हा ठरला. त्याआधीची दोन दशकं वाईट होती. दुकानामागच्या चौकात गाडी लावून पाच मिनिटांत परत यावं, तर चाकाला पिवळं कुलूप आणि शेजारी पैसे मागणारा माणूस उभा. रक्कम मोजल्याशिवाय गाडी सुटत नसे, आणि दाद मागायची तर ती पैसे दिल्यानंतरच. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ मध्येच हा प्रकार खंडणीचा आणि चोरीचा ठरवून बंद पाडला होता. इंग्लंडला मात्र वीस वर्षं लागली.

त्या काळातला वॉल्थम फॉरेस्टचा खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयातून वाईट बातमी ऐकून परतणाऱ्या एका बाईंना वाटेत मळमळून आलं, म्हणून त्यांनी एका मोकळ्या जागेत गाडी थांबवली. उलटी करून परत येईपर्यंत चाकाला क्लॅम्प लागला होता. सूचनेची पाटी होती, पण शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या गाडीने ती झाकली गेली होती. २००० मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्याने पाटी पाहिलीच नाही, त्याने तिच्यावरच्या अटी मान्य केल्या असं धरता येत नाही. पाटी कुठे होती, किती मोठी होती, अंधारात दिसत होती का, हे प्रश्न आजही प्रत्येक वादाच्या मुळाशी असतात.

२०१२ च्या कायद्याने क्लॅम्प काढून घेतला आणि त्या बदल्यात कंपन्यांना दुसरं हत्यार दिलं. परिशिष्ट ४ नुसार गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्या कीपरकडून रक्कम मागता येऊ लागली. त्याला अटी आहेत. काचेवर चिठ्ठी न लावता फक्त कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली असेल, तर गाडी लावल्यापासून १४ दिवसांच्या आत नोटीस कीपरच्या हाती पडायला हवी. काचेवर चिठ्ठी लावली असेल, तर ती नोटीस २८ दिवसांनंतर पण ५६ दिवसांच्या आत यायला हवी. मुदत चुकली की कीपरची जबाबदारी संपते, मग फक्त चालकाला धरता येतं. म्हणूनच जाणकार सांगतात की नोटिशीला उत्तर लिहिताना ‘मी गाडी लावली’ असं लिहू नका, ‘मी या गाडीचा कीपर आहे’ एवढंच लिहा. विमानतळ आणि रेल्वेच्या आवारात, जिथे जमिनीला स्वतःचे उपनियम लागू असतात, तिथे हे परिशिष्ट लागूच होत नाही. आई-बाबांना मुंबईच्या विमानात बसवून देणाऱ्या प्रत्येक मराठी घराने हे लक्षात ठेवावं. हीथ्रोला टर्मिनलच्या दारात गाडी थांबवण्याचं शुल्क नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झालं. तिथे ना फाटक आहे ना खिडकी. पैसे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत आपणहून भरायचे. निरोपाच्या गडबडीत ते हमखास राहून जातं.

कीपरचा पत्ता कंपन्या डीव्हीएलए या सरकारी वाहननोंदणी खात्याकडून विकत घेतात, एका नोंदीला अडीच पौंड देऊन. आरएसी फाउंडेशन ही वाहनविषयक संशोधन करणारी संस्था या नोंदींचा हिशेब ठेवत आली आहे. २०१२-१३ मध्ये कंपन्यांनी साधारण १९ लाख नोंदी घेतल्या होत्या, २०१८-१९ मध्ये ६८ लाख, आणि २०२४-२५ मध्ये १ कोटी ४४ लाखांच्या आसपास. बारा वर्षांत लोक सातपटीने बेशिस्त झाले यावर माझा विश्वास नाही. कॅमेरा स्वस्त झाला, पत्ता अडीच पौंडांत मिळू लागला आणि पत्र पाठवणं हाच धंदा झाला.

या धंद्याला न्यायालयाची मोहोर मिळाली ती ४ नोव्हेंबर २०१५ रोजी. बॅरी बीव्हिस हे चिप्सचं दुकान चालवणारे गृहस्थ. एप्रिल २०१३ मध्ये चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये त्यांची गाडी दोन तासांच्या मोफत मुदतीपेक्षा ५६ मिनिटं जास्त उभी राहिली. पार्किंगआय कंपनीने ८५ पौंड मागितले. बीव्हिस यांचं म्हणणं सरळ होतं: माझ्यामुळे कंपनीचं ८५ पौंडांचं नुकसान झालेलं नाही, तेव्हा ही रक्कम म्हणजे दंड आहे आणि करारातला दंड कायदा मानत नाही. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सहा विरुद्ध एक अशा मताने ते हरले. दुकानांसमोरच्या जागा फिरत्या राहाव्यात यात जमीनमालकाचं आणि कंपनीचं रास्त हित आहे, पाट्या ठळक आणि पुष्कळ होत्या, रक्कम अवाजवी नाही, असं बहुमताने म्हटलं. एकटे लॉर्ड टूल्सन ग्राहकाच्या बाजूने उभे राहिले. या खटल्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. ती जागा सांभाळण्यासाठी कंपनीला जमीनमालकाकडून पैसे मिळत नव्हते. उलट कंपनीच मालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती. म्हणजे सगळं उत्पन्न उशीर करणाऱ्यांच्या खिशातूनच यायचं होतं.

मला टूल्सन यांचंच मत पटतं. तरी निकाल तो निकाल, आणि त्यानंतर ‘हे पत्र फाडून टाका, काही होत नाही’ हा जुना सल्ला घातक ठरला. २०१२ पूर्वी तो बऱ्यापैकी चालून जात असे. आजही तो देणारी मंडळी भेटतात. त्यांचं ऐकू नये.

आता वसुलीच्या पत्रांकडे येतो, कारण माणसं मोडतात ती इथे. पहिली मागणी साधारण १०० पौंडांची असते, चौदा दिवसांत भरली तर सूट. २८ दिवसांत कंपनीकडे अपील करता येतं, आणि ते फेटाळलं गेलं तर पोपला किंवा आयएएस या संस्थांकडे. तिथला निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. हे सगळं राहून गेलं की प्रकरण वसुली एजन्सीकडे जातं आणि रकमेत ७० पौंड वाढतात. मग जाड ठशातली पत्रं येतात: कोर्टात जाऊ शकतो, तुमच्या पतनोंदीवर परिणाम होऊ शकतो, नोकरीवर होऊ शकतो. प्रत्येक वाक्यात ‘शकतो’ आहे हे घाबरलेल्या माणसाला दिसत नाही. वसुली एजन्सीचा माणूस बेलिफ नसतो. त्याला घरात पाऊल टाकण्याचा, सामानाला हात लावण्याचा अधिकार नाही. बेलिफ येतो तो न्यायालयाचा निकाल लागल्यावर आणि तरीही पैसे न भरल्यावरच. नुसत्या पार्किंगच्या नोटिशीने पतनोंदीवर ओरखडाही उमटत नाही. पोलीस आणि व्हिसा यांच्याशी त्या पत्राचा काही संबंध नसतो, हा निव्वळ दिवाणी मामला आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. ही पत्रं नेमक्या त्याच भीतीवर चालतात. माझ्या परिचयातली साताऱ्याकडची एक परिचारिका आहे. तिच्या इमारतीच्या आवारात तिचा परवाना डॅशबोर्डवरून घसरून सीटखाली पडला आणि नोटीस आली. रात्रपाळ्यांमध्ये अपिलाची मुदत निघून गेली. मागणी १७० पौंडांवर पोचली तेव्हा ती हप्ते बांधून द्यायला निघाली होती, घरी कुणाला न सांगता. आम्ही सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. एजन्सीची पत्रं एका बाजूला ठेवली, त्यांना उत्तर देण्याची गरज नव्हती. वेगळं काढलं ते वकिलांचं दावापूर्व पत्र. ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा पत्राला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात आणि कागदपत्रं मागता येतात. तिने पाट्यांचे फोटो आणि जमीनमालकाशी असलेला करार मागितला, परवान्याची प्रत जोडली. तरी नॉर्दम्प्टनच्या न्यायालयाकडून दाव्याचा फॉर्म आला. तिने मुदतीत दावा मिळाल्याची पोच भरली, त्यामुळे बचाव मांडायला २८ दिवस मिळाले, आणि बचाव मांडला. सुनावणीची फी भरायची वेळ येण्याआधी कंपनीने दावा मागे घेतला. सगळे दावे असे संपत नाहीत. पण छोट्या दाव्यांच्या न्यायालयात हरलो तरी समोरच्या वकिलाचं मोठं बिल सहसा अंगावर येत नाही, एवढं कळलं तरी माणूस सरळ बसतो.

सर्वांत वाईट गत होते ती घर बदललेल्या माणसाची. इथे नव्याने आलेला आपला माणूस भाड्याच्या खोल्या सारख्या बदलतो. गाडीच्या नोंदणीवर जुनाच पत्ता राहतो आणि कंपनीची पत्रं तिथेच जात राहतात. दाव्याला उत्तर गेलं नाही की न्यायालय एकतर्फी निकाल देतं. महिन्याभरात पैसे भरले तर त्या निकालाची पतनोंदीतली नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं राहते. बिचाऱ्याला हे कळतं ते गृहकर्ज नाकारलं जातं तेव्हा. निकाल रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो, पण त्याची फीच तीनशे पौंडांच्या घरात आहे.

संसदेला हे दिसलं नाही असं नाही. तेव्हाचे खासदार सर ग्रेग नाइट यांच्या खासगी विधेयकातून मार्च २०१९ मध्ये पार्किंगच्या आचारसंहितेचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता आलीही: बहुतेक ठिकाणी ५० पौंडांची मर्यादा आणि वसुलीचा वाढीव आकार साफ बंद. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. मग २०२४ मध्ये उद्योगाने स्वतःचीच संहिता काढली. तिच्यात दहा मिनिटांची सवलत आहे, पण ७० पौंड जागच्या जागी आहेत. जुलै २०२५ मध्ये सरकारने नव्या सरकारी संहितेवर पुन्हा लोकांची मतं मागवली.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या परिशिष्ट ४ मुळे कीपरला धरता येतं, तेच परिशिष्ट सांगतं की त्याच्याकडून कीपरला दिलेल्या नोटिशीतल्या रकमेपेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. काही जिल्हा न्यायाधीशांनी वरचे पैसे नाकारले, काहींनी दिले, आणि प्रत्येक कीपरला आपल्या गावात कोणते न्यायाधीश बसतील यावर अवलंबून राहावं लागतं. नव्या संहितेत या वाढीव आकारासमोर शून्य लिहिलं जावं.