दहा हजारांनी स्वस्त कन्सोल शेवटी कोणाला महाग पडतो?

मार्जिनवरचा मागचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यांना आठवत असेल की त्यात मी जाता जाता एक उदाहरण दिलं होतं. एकाच कंपनीचे दोन कन्सोल, ताकद तीच, गेम तेच, पण एक दहा हजारांनी स्वस्त. व्हिडिओत ते दीड मिनिटात उरकलं. इथे जरा निवांत बोलू. मी दुकानदार आहे तसा गेमरही आहे, त्यामुळे या विषयात माझे दोन्ही खिसे अडकलेले आहेत.

उदाहरण प्लेस्टेशन ५ चं. २ फेब्रुवारी २०२१ ला तो भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये आणि डिजिटल एडिशनची ३९,९९०. फरक एकच. डिजिटलमध्ये डिस्क टाकायला जागा नाही. गेम घ्यायचा तर सोनीच्या ऑनलाइन स्टोअरमधूनच. आता तुम्ही धंदा करणारी माणसं आहात, मला सांगा, डिस्क वाचणाऱ्या एका छोट्या यंत्राची किंमत दहा हजार असते का? नसते. मग कंपनी एवढी उदार का झाली?

आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात. कन्सोलचा धंदा बराचसा याच पद्धतीने चालतो. डबा पडत्या भावात द्यायचा आणि पुढची सहा-सात वर्षं गेममधून कमवायचं. २०२१ मध्ये अमेरिकेत एपिक आणि ॲपल यांचा खटला चालू होता, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. सोनीनेही डिस्कवाला प्लेस्टेशन ५ तोट्यात जाणं थांबलंय, हे ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं, म्हणजे बाजारात आल्यावर आठ-नऊ महिन्यांनी. स्वस्त मॉडेलची भरपाई कुठून होणार, हे वेगळं सांगायला नको. ऑनलाइन स्टोअरमध्ये विकल्या जाणाऱ्या गेममागे साधारण ३० टक्के कन्सोल कंपनीकडे जातात. मध्ये ना डिस्ट्रिब्युटर, ना दुकानदार. आणि एकदा डिस्कची जागाच नसली की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जाऊ शकत नाही. गल्लीत एकच किराणा दुकान आणि गल्लीला बाहेर पडायला रस्ताच नाही, असा प्रकार.

आता गिऱ्हाइकाचा हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील. नवा मोठा गेम ४,९९९ ला आला. एका पोराने तो घेतला, दोन महिन्यांत संपवला आणि दुकानात २,५०० ला परत दिला. दुकानदाराने तीच डिस्क दुसऱ्याला ३,२०० ला विकली. त्याने संपवून २,००० ला परत आणली, ती तिसऱ्याला गेली २,६०० ला. पहिल्या पोराला गेम पडला २,४९९ ला, दुसऱ्याला १,२०० ला, आणि दुकानदाराला एकाच डिस्कवर दोन वेळा मिळून १,३०० सुटले. भांडवल अडकलं थोडे दिवस, पण सुटलं.

डिजिटलवाल्याला हे दार बंद. त्याने ४,९९९ दिले की दिले. म्हणजे प्रत्येक नव्या गेममागे त्याचे अडीच हजार जास्त जातात. चार गेम घेतले की वाचवलेले दहा हजार फिटले. पाचव्या गेमपासून स्वस्त कन्सोल महागात पडायला लागतो. काउंटरवर मी हे कागदावर लिहून दाखवतो. आई-वडील आले असतील तर त्यांना लगेच पटतं, पोराचं लक्ष मात्र डब्यावरच असतं.

ज्यांचं बालपण नव्वदीत गेलं त्यांना यातलं मर्म वेगळं समजवायला नको. आपण त्याला व्हिडिओ गेम कमी आणि टीव्ही गेम जास्त म्हणायचो, आणि कार्ट्रिजला कॅसेट. ती यंत्रं बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होती, हे मला फार नंतर कळलं. एकाकडे मारिओ, दुसऱ्याकडे कॉन्ट्रा, मे महिन्याच्या सुट्टीत अदलाबदल. कॅसेट चालेना तर फुंकर मारायची. वाड्यातल्या दहा पोरांना मिळून तीन कॅसेट पुरायच्या. वस्तू हातात होती म्हणून ती फिरत होती.

ही फिरणारी वस्तू कंपन्यांना खुपते, आणि त्यांची बाजू अगदीच खोटी नाही. जुनी डिस्क दुसऱ्यांदा विकली गेली तर गेम बनवणाऱ्याला एक रुपयाही मिळत नाही. दुकानदार कमावतो, बनवणारा बघत बसतो. म्हणून ईए कंपनीने २०१० पासून ऑनलाइन पास काढला. नव्या डब्यात एकदाच चालणारा कोड, सेकंड हँड घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे भरायचे. लोकांनी एवढ्या शिव्या घातल्या की २०१३ मध्ये तो बंद करावा लागला.

त्याच २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच्याही पुढे पाऊल टाकलं. नवीन एक्सबॉक्स वनचे नियम असे होते: कन्सोल दर २४ तासांनी एकदा इंटरनेटला जोडलाच पाहिजे, नाहीतर गेम चालणार नाही. डिस्क मित्राला द्यायची तर तो तुमच्या यादीत किमान ३० दिवस हवा, आणि देता येणार एकदाच. जुना गेम विकायचा तर ठरवून दिलेल्या दुकानांतच, तेही प्रकाशकाने परवानगी दिली तर. म्हणजे डिस्क तुमच्या हातात, पण मालकी त्यांची.

१० जून २०१३ ला लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात दोन्ही कंपन्यांनी किमती सांगितल्या. एक्सबॉक्स वन ४९९ डॉलर. संध्याकाळी सोनीने प्लेस्टेशन ४ सांगितला ३९९, वर जाहीर केलं की जुन्या गेमवर आमचं कसलंही बंधन नाही. आणि एक छोटासा व्हिडिओ सोडला, पुरता अर्ध्या मिनिटाचाही नाही. प्लेस्टेशनवर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? सोनीचे शुहेई योशिदा शेजारच्या माणसाच्या हातात गेमचा डबा देतात. संपला व्हिडिओ! जाहिरात शिकवताना मी आजही हाच दाखवतो. समोरच्याच्या धोरणातली खोट एका कृतीत दाखवली, नाव न घेता.

१९ जूनला, म्हणजे नऊ दिवसांत, मायक्रोसॉफ्टने सगळे नियम मागे घेतले. पण गिऱ्हाइकाच्या मनात बसलेलं निघत नाही. प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटी ७० लाखांच्या वर खपला, एक्सबॉक्स वन त्याच्या निम्म्यालाही पोचला नाही. फक्त जुन्या डिस्कमुळे असं झालं, असं मी म्हणणार नाही. शंभर डॉलरचा फरक होता, सोनीकडे गेमही दमदार होते. पण पहिल्या महिन्यात बोलणं काय झालं तर हेच.

दुकानदाराला दुखावलं की काय होतं, याचं त्याहून जुनं उदाहरण आहे सेगाचं. सेगा सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ ला येणार, असं जाहीर झालेलं. दुकानदारांनी त्या तारखेनुसार पैसे आणि जागा धरून ठेवली. आणि ११ मे ला पहिल्याच ई३ मध्ये सेगाने स्टेजवरून सांगितलं, सॅटर्न आजच दुकानांत पोचलाय, किंमत ३९९ डॉलर. कुठल्या दुकानांत? निवडक चार साखळ्यांत. बाकीच्यांना पत्ताच नाही. विचार करा, तुमच्या कंपनीने दिवाळीचा माल दसऱ्याआधीच शेजारच्या दुकानात उतरवला आणि तुम्हाला सांगितलंही नाही, तर? केबी टॉइज ही खेळण्यांची मोठी साखळी होती, तिने सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस स्टेजवर आले, ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. प्लेस्टेशनची किंमत होती ती. सॅटर्न तिकडे कधी उभाच राहिला नाही, आणि २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं.

मग कंपन्यांनी धडा घेतला का? घेतला, पण वेगळाच. नियम लावून डिस्क बंद करायला गेलं की लोक भडकतात. डिस्कची जागा असलेला आणि नसलेला असे दोन डबे शेजारी ठेवले, नसलेला स्वस्त केला, की लोक आपणहून तिकडे जातात. २०२० मध्ये आलेला एक्सबॉक्स सिरीज एस भारतात ३४,९९० ला होता, डिस्कशिवाय. २०२४ मध्ये आला तेव्हा प्लेस्टेशन ५ प्रो सगळ्यात महाग होता, ६९९ डॉलर, आणि त्यातही डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळे पैसे देऊन जोडा. निन्टेंडो स्विच २ जून २०२५ मध्ये आला, त्याचे काही गेम तर अशा कार्डावर येतात की कार्डात गेमच नसतो. कार्ड लावायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. बरं, ते कार्ड निदान पुढे विकता तरी येतं, म्हणून त्याला मी अर्धे मार्क देतो.

दुकानांवर परिणाम दिसतोच आहे. ब्रिटनमध्ये गेम नावाच्या साखळीने २०२४ मध्ये जुने गेम घेणं बंद केलं. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या मोबाईल मार्केटमध्ये गेमच्या डिस्कची फळी बघा, दहा वर्षांपूर्वी किती लांब होती आणि आज तिथे कव्हर आणि चार्जर किती आहेत. कन्सोल विकून हातात फार थोडं उरतं. २०२१ च्या टंचाईत तर एका डिस्ट्रिब्युटरने मला सरळ सांगितलं होतं, दोन न खपणारे गेम घ्या, मगच कन्सोल मिळेल. दुकान जगतं ते फिरणाऱ्या डिस्कवर आणि कंट्रोलरच्या दुरुस्तीवर.

डिस्क म्हणजे सगळं सुरक्षित, असंही समजू नका. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांच्या हातातून गेला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे कपाखाली ठेवायला चकती उरली, कारण एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. त्यावर मोठा ओरडा झाला. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की डिजिटल वस्तू विकताना ‘तुम्ही मालकी नाही, परवाना घेताय’ हे स्पष्ट सांगावं लागेल. मला हे आवडलं. परवाना विका, पण भाड्याच्या घराला मालकीची पाटी लावू नका.

आणि डिजिटलने भलंही केलंय, ते नाकारणं दुकानदाराचा रडीचा डाव होईल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी हा गेम केला. क्राउडफंडिंगचा प्रयत्न आधी फसला होता, तरी २०२० मध्ये तो जगभरच्या कन्सोलवर गेला. डिस्क छापून, कंटेनर भरून अमेरिकेत पाठवायची असती तर पुण्यातल्या एवढ्याशा टीमला ते झेपलं असतं का? शिवाय ज्याला घाई नाही त्याला वर्षा-दोन वर्षांनी सेलमध्ये तोच गेम अर्ध्याहून कमी किमतीत मिळतो. असा माणूस माझ्याकडे आला तर मी त्याला डिजिटल एडिशनच देतो.

या सगळ्यात मला जवळची वाटते ती पोलंडची सीडी प्रोजेक्ट. द विचर ३ बनवणारी. १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा धंदा होता दुसऱ्यांचे गेम आणून विकायचा, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. आजूबाजूला पायरेटेड सीडींचा सुळसुळाट. त्यांनी बाल्डर्स गेट हा गेम पोलिश भाषेत आणला, सोबत डब्यात नकाशा वगैरे वस्तू भरल्या, म्हणजे चोरीच्या सीडीपेक्षा खरा डबा घ्यावासा वाटेल. तो तिथे जोरात खपला. पुढे २००८ मध्ये त्यांनीच जीओजी स्टोअर काढलं. तिथला गेम एकदा उतरवून घेतला की कुलूप नाही, स्टोअरला विचारायला जायला नको. डिजिटल असून वस्तू तुमची. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. करत नाहीत, कारण गल्लीला रस्ता काढून द्यावा लागतो.

गेमिंगचा काउंटर सुरू करू का, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. करा, पण नव्या कन्सोलमध्ये पैसे अडकवून नाही. एक डेमोला, एक विकायला, बास. पैसा जुन्या डिस्कमध्ये घाला. घेताना डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा आणि चालवून बघा. आणणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्र वहीत उतरवा, चोरीचा माल तुमच्या गळ्यात पडू नये म्हणून. बाहेरच्या देशातली डिस्क प्लेस्टेशन ५ वर चालते, पण त्या गेमचे जादा भाग त्याच देशाच्या अकाउंटवरून घ्यावे लागतात. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा, नाहीतर भांडण तुमच्या दारात येतं. डब्यात गेमऐवजी नुसता कोड आहे का, किंवा निन्टेंडोचं ते रिकामं कार्ड आहे का, हेही डब्यावरच लिहिलेलं असतं, वाचून घ्या. नुसत्या कोडवाला डबा जुना म्हणून कोणी आणला तर कितीही ओळखीचा असला तरी घेऊ नका, आतला कोड आधीच वापरलेला असतो.