नाशिकचा ढोल आणि सोळा घरं

केरळात मंदिराचा उत्सव असो, लग्नाची वरात असो की निवडणुकीतल्या विजयाची मिरवणूक, पुढे दणदणत चाललेल्या पथकाला तिथली माणसं सर्रास ‘नासिक ढोल’ म्हणतात. मंगळूर-उडुपीकडे त्याचा ‘नासिक बँड’ होतो. वाजवणारी पोरं तिथलीच, पण नाव आपल्या गोदाकाठचं. याच ढोलाला आता आणखी एक बिऱ्हाड मिळालं आहे, ते म्हणजे संगणक. ‘नाशिक ढोल लूप’ म्हणून दोन-चार सेकंदांचे तुकडे फिरतात, ते जोडून रिमिक्स तयार होतात आणि मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरांवरून परत रस्त्यावर येतात. हे तुकडे ज्या चौकटीत बसवले जातात ती चौकट समजून घ्यावी आणि तिच्यात आपला ढोल कितपत मावतो ते पाहावं, एवढ्यासाठी हा लेख.

चौकट अगदी साधी आहे. आडव्या ओळी वाद्यांच्या, उभे रकाने वेळेचे. ज्या घरात खूण केली तिथे आघात, रिकाम्या घरात शांतता. सोळावं घर संपलं की पुन्हा पहिलं. ही मांडणी जगभर पोचवली जपानच्या रोलंड कंपनीने. तिचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आधी घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करत. १९८० साली आलेल्या त्यांच्या टीआर-८०८ या यंत्रावर सोळा रंगीत बटणं एका ओळीत होती, आणि बटण दाबलं की त्या घरात ठोका पडे. खऱ्या ढोलाशी त्याचा आवाज जुळत नाही म्हणून यंत्र फारसं खपलं नाही. सुमारे १२ हजार नग निघाले आणि १९८३ मध्ये उत्पादन थांबलं. पुढे त्याच आवाजावर हिप-हॉपचा डोलारा उभा राहिला. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ सालीच हे यंत्र वापरून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले होते. ती तबकडी तेव्हा कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. बेल्जियममध्ये १९९७ साली ‘फ्रूटी लूप्स’ नावाने सुरू झालेल्या आणि आज ‘एफएल स्टुडिओ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीतही तीच सोळा घरं आहेत.

मराठी माणसाला ही मांडणी परकी वाटायचं कारण नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला आले आणि पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम उभा केला. गाणं कागदावर उतरवायची स्वतःची लिपी त्यांनी फार आधीच सिद्ध केली होती. प्रत्येक स्वराखाली खूण असे : हा पूर्ण मात्रेचा, हा अर्ध्याचा, हा पावचा. भातखंड्यांची लिपी दिसायला वेगळी, तरी तिच्यातही मात्रांचे रकाने आणि विभागांच्या उभ्या रेघा आहेतच. संगीत विद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची वही उघडली तर तिथे ड्रम मशीनच आखलेलं दिसेल. फक्त ते वाजवायचं काम हाताचं.

म्हणून पहिला प्रयोग त्रितालाचा करावा असं मी आग्रहाने सांगेन. मात्राही सोळा, घरंही सोळा. तीन ओळी घ्या : ‘ना’, ‘तिं’ आणि डग्ग्याचा ‘घे’. ‘धा’ म्हणजे ना आणि घे एकाच वेळी, ‘धिं’ म्हणजे तिं आणि घे एकाच वेळी, ‘ता’ म्हणजे नुसता ना. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा, असा ठेका भरत जा आणि मग डग्ग्याच्या ओळीकडे नीट बघा. पहिल्यापासून नवव्या घरापर्यंत ती सलग भरलेली आहे. दहा, अकरा, बारा, तेरा ही घरं रिकामी. चौदाव्यात डग्गा परत येतो. खाली मोजायची नवव्या मात्रेवर, पण घुमारा जातो एक मात्रा उशिरा आणि परततोही एक मात्रा उशिरा, म्हणजे खालीचा विभाग संपून पुढचा सुरू झाल्यावर. वर्षानुवर्षं ऐकलेली गोष्ट अशी डोळ्यांना दिसते तेव्हा मला विलक्षण आनंद होतो. शिकणाऱ्या मुलांनाही तो मिळावा.

आता सोळाचा हट्ट सोडायचा. यंत्रावरच्या सोळा घरांत चार ठोके बसतात, प्रत्येक ठोक्याचे चार भाग. दादऱ्याला सहा मात्रा लागतात, रूपकाला सात, झपतालाला दहा. कितीतरी कोळीगीतं तिनाच्या झोक्यात चालतात. ती सोळात कोंबली की लंगडतात. प्रोग्रॅम स्वतः लिहीत असाल तर उपाय एका ओळीचा आहे. घरं शून्यापासून मोजायची, घराच्या क्रमांकात एक मिळवायचा, एकूण घरांनी भागायचं आणि उरलेली बाकी म्हणजे पुढचं घर. एकूण घरं सोळा धरायची की सात, ते वापरणाऱ्याने ठरवावं. तयार यंत्रं हा अधिकार सहसा मेनूच्या तळाशी लपवतात. आपल्याकडच्या मुलांसाठी केलेल्या यंत्रात तो सर्वांत वर हवा.

वेळ सांभाळणं त्याहून अवघड. मिनिटाला १२० ठोके धरले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि एक घर ०.१२५ सेकंदाचं. ब्राउझरचा साधा टायमर पान कामात असलं की उशिरा जागा होतो आणि लय हलते. म्हणून जाणकार दोन घड्याळं वापरतात. टायमर दर २५ मिलिसेकंदांनी उठतो आणि पुढच्या १०० मिलिसेकंदांतले आघात ध्वनीच्या अचूक घड्याळाकडे आगाऊ सोपवून देतो. टायमर थोडा चुकला तरी आघात चुकत नाही.

इतकं काटेकोर यंत्र जमलं की त्यात ढोल भरायचा. एका अंगाला टिपरू, दुसऱ्या अंगाला हाताची थाप, वर ताशाच्या काड्यांची तडतड : तीन ओळी पुरतात. वाजवून पाहिलं तर ठेका ओळखू येतो आणि तरी मिरवणूक उभी राहत नाही. याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवेपासून निघालेली मिरवणूक मेन रोडवर येते तेव्हा रस्त्याच्या अरुंदपणामुळे पथक लांबत जातं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ताशापासून १७ मीटर मागे असलेल्या ढोलवाल्याला ताशा ०.०५ सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे आपल्या एका घराच्या चाळीस टक्के. तो कानावर विसंबला तर त्याची थाप तितकी मागे पडते. पुढच्या माणसाकडे पाहून त्याने वेळेवर वाजवली, तरी ताशाजवळ उभ्या असलेल्याला ती उशिराच पोचते. रविवार कारंजावर कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला वेगळी चौकट ऐकू येते. शिवाय दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून परतणारा आवाज वेगळाच. नाशिकच्या ढोलाचा तो छातीत भरणारा जाडपणा या पसरण्यातून येतो. एकच नमुना एकाच क्षणी पन्नास वेळा वाजवला तर पन्नास ढोल होत नाहीत, आवाज फक्त मोठा होतो.

यंत्राला हे शिकवता येतं. एका ओळीच्या पन्नास प्रती करायच्या, प्रत्येकीला शून्य ते ५० मिलिसेकंदांतला आपापला उशीर द्यायचा, आघाताचं वजनही थोडं कमी-जास्त ठेवायचं. झोक्यासाठी अमेरिकेच्या रॉजर लिन यांची जुनी युक्ती आहे : दर दुसरं घर किंचित मागे ढकलायचं. जोडीतली दोन घरं मिळून ०.२५ सेकंद होतात. दुसरं घर निम्म्याऐवजी दोन तृतीयांशावर ठेवलं की चौपट चाल तिनाच्या चालीकडे झुकते. हे दोन आकडे फिरवता फिरवता एका टप्प्यावर पाय आपोआप हलू लागतात. तो टप्पा दर ठेक्याला वेगळा असतो आणि कानानेच शोधावा लागतो.

एक काम मात्र प्रोग्रॅम करणाऱ्याच्या हातात नाही. फिरणाऱ्या लूपमध्ये सगळं पथक एकत्र मुद्रित असतं. त्यातून एक थाप सुटी काढता येत नाही, म्हणून नवा ठेका बांधताच येत नाही आणि त्याच त्या चार चालींची उलटापालट होत राहते. हवं आहे ते सुट्या आघातांचं मुद्रण : एकच ढोल, हलकी थाप, भरीव थाप, काठावरचं टिपरू, मधलं टिपरू, ताण उतरलेल्या कातड्याचा आवाज, नुकत्या ताणलेल्या कातड्याचा आवाज. प्रत्येक आघात निदान दहा वेळा, दहा वेगळ्या हातांनी. मिरवणुकीआधी पथकांचा सराव रोज संध्याकाळी चालतो. तिथे एक साधा मायक्रोफोन आणि संयम एवढंच लागतं, आणि वाजवणाऱ्याचं नाव त्या मुद्रणाला जोडलेलं असावं. ज्यांच्या थापेवर केरळापर्यंत नाव गेलं त्यांच्यापैकी कोणाचंही नाव आजच्या लूपवर सापडत नाही, हे मला खुपतं.