देगलूरचा काळा खडक आणि रियुनियन बेट

देगलूर तालुका दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व कडेवर आहे. नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा. पण देगलूर-बिलोलीकडे त्याचे थर पातळ होत जातात आणि खालचा, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट उघडा पडतो.

बेसाल्ट त्या मानाने कालचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा निघाला आणि थरावर थर चढले. सह्याद्रीत ते दोन किलोमीटरच्या आसपास जाड आहेत. या उद्रेकाला पृथ्वीच्या पोटातले एक तप्तस्थळ कारण झाले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकला, तप्तस्थळ मागेच राहिले. त्याच्यावरून सरकणाऱ्या समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उठली. मालदीव आणि छागोसच्या प्रवाळांखाली ती पुरलेली आहे, मॉरिशसला वर दिसते.

आज या तप्तस्थळावर रियुनियन हे बेट आहे. देगलूरपासून सुमारे पाच हजार किलोमीटर दूर, मादागास्करच्या पूर्वेला असलेला हा २,५१२ चौरस किलोमीटरचा फ्रान्सचा प्रदेश. पितों दे नेज हे ३,०७० मीटरचे शिखर म्हणजे शांत झालेला ज्वालामुखी. पितों द ला फुर्नेझ मात्र जगातल्या सर्वांत जागृत ज्वालामुखींपैकी एक. बेटाच्या पोटात कड्यांनी वेढलेल्या तीन अफाट दऱ्या आहेत. त्यांतल्या माफात या दरीला गाडीरस्ताच नाही; लोक पायी जातात किंवा हेलिकॉप्टरने. जानेवारी १९६६ मध्ये चक्रीवादळात या बेटावर २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस कोसळला. मराठवाड्याच्या दोन वर्षांच्या सरासरीहून तो जास्त आहे. बेटावरचे कडे आणि शिखरे २०१० पासून जागतिक वारसा आहेत.

तिथल्या ताज्या लाव्हावर आधी दगडफूल आणि नेचे उगवतात, माती व्हायला फार काळ लागतो. मराठवाड्यात तो काळ लोटला. बेसाल्ट झिजून काळी माती झाली. ती पावसाचे पाणी धरून ठेवते, म्हणून रब्बीची ज्वारी ओलीवर निघते.

जमिनीखालच्या पाण्याचे गणितही खडकावर ठरते. बेसाल्टमध्ये पाणी दोन थरांमधल्या सच्छिद्र, झिजलेल्या भागात साठते. ग्रॅनाइटमध्ये वरच्या मुरमात आणि खोल भेगांत. देगलूरमध्ये दोन्ही खडक आहेत. त्यामुळे तिथे बोअर घेताना शेजाऱ्याच्या पाण्यावर विसंबू नये. आपल्या रानाखाली कोणता खडक आहे, हे जाणकाराकडून आधी तपासून घ्यावे.