नाव नसलेली गिटार

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर 2019 मध्ये यू-टू वाजवून गेले, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. म्हणजे नवी मुंबईत रॉकला मैदान आहे, गर्दी आहे, महागडं तिकीट काढणारेही आहेत. त्याच वाशी-नेरूळमध्ये हेवी मेटल वाजवणाऱ्याला मात्र बँडच्या कमाईवर घर चालवणं अवघड. श्रोतेच कमी, हे नेहमीचं उत्तर. खरं आहे, पण अर्धं. मुंबईत गिटारवाल्याचं घर पूर्वीपासून चालत आलं ते सेशनवर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यात ठरल्या मानधनावर वाजवण्यावर. त्याची कारकीर्द अडते तीही तिथेच, कारण या कामाचे पैसे मिळतात, नाव मिळत नाही.

मेटलवाला या कामाचा नव्हे, हा समज आधी बाजूला ठेवू. बाहेरून नुसता गोंगाट वाटतो. पण डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, लावलेल्या गिटारवर नको ती तार जराशी हलली तरी लपत नाही. म्हणून उजव्या तळव्याने तारा दाबून वाजवणं हा इथला पहिला रियाज. रेकॉर्डिंगमध्ये एकच रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, दोनदा वाजवून एक टेक डाव्या, दुसरा उजव्या स्पीकरला देतात. दोन्ही एकमेकांवर बसले नाहीत तर सगळं गढूळ होतं. कानातल्या मेट्रोनोमच्या क्लिकला धरून तोच तुकडा पुन्हा तसाच वाजवणं, स्टुडिओला हेच तर हवं असतं. परक्या गाण्यांत वाजवून स्वतःचा आवाज मरतो, असंही म्हणतात. भूपिंदर सिंग यांचा तर मेला नाही. ‘दम मारो दम’ (1971) आणि ‘चुरा लिया है’ (1973) यांतली गिटार त्यांची, आणि गझलगायक म्हणून त्यांचा बाज कुणाच्या सावलीत राहिला नाही.

ही दोन्ही गाणी गिटारच्या पहिल्या सुरांवरच ओळखू येतात. तरी वादकाचं नाव लोकांपर्यंत पोचलं, त्याला भूपिंदर गायक म्हणून गाजले हेही कारण असावं. नुसते वादकच राहिले असते तर? 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांसोबत कलावंतांच्या रॉयल्टीचीही तरतूद झाली. मात्र कलावंत कोणाला म्हणायचं, हे सांगणाऱ्या व्याख्येतच पाचर आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच येत नाही, तो कलावंत धरला जात नाही. आपल्या कामाची विकृती झाली तर दाद मागण्यापुरता काय तो अपवाद. रिवाज नाव न देण्याचा, आणि हक्क नाकारायला आधार त्याच रिवाजाचा! ठरलेले पैसे घेतले, हिशेब मिटला, गवंडी कुठे घराच्या भाड्यात वाटा मागतो, असं यावर कुणी म्हणेल. तर्क बरा आहे, पण मग तो गायकालाही लावा. तोही मानधन घेऊनच गातो. आणि इतकी नावं छापायची कुठे, हा प्रश्न ए. आर. रहमान यांनी केव्हाच निकाली काढला. आपल्या अल्बमच्या वेष्टणावर ते वादकांची नावं देत आले.

मेटलच्या दुनियेत हा व्यवहार उलटा चालतो. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या 2000 साली सुरू झालेल्या बँडचे साहिल मखिजा यांनी ‘धिस बर्डन इज माइन’ (2016) या एकल अल्बमसाठी अमेरिकेच्या ‘नाइल’ बँडचे ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास यांना घेतलं. पाहुणा वादक, पण त्याचं नाव हीच अल्बमची जाहिरात. अर्थात नावाने पोट भरतंच असं नाही. खुद्द मखिजा अनेकांना ठाऊक आहेत ते ‘हेडबँगर्स किचन’ या पाककृतींच्या यूट्यूब चॅनलमुळे. पण गिटारचा ट्रॅक आता नेरूळच्या खोलीत रेकॉर्ड करून अंधेरीच्या स्टुडिओला पाठवता येतो, तसाच ऑस्लोलाही. ऑस्लोचा बँड नाव छापणार असेल आणि अंधेरीचा निर्माता नसेल, तर चांगला वादक आधी कुणाचं काम हातात घेईल, हे अंधेरीने पाहून घ्यावं.